डीलरचं एस्टिमेट वाजवी आहे की नाही, कसं ओळखायचं?

अर्धवट_क्लच (धागाकर्ता)

मंडळी, डोकं चक्रावलंय म्हणून धागा काढतोय. गाडी सात वर्षांची, पेट्रोल, ९२ हजार किलोमीटर झालेत. गेला महिनाभर पुढून डाव्या बाजूनं खड्ड्यात गेलं की टक्-टक् वाजतं, सपाट रस्त्यावर काही नाही. काल डीलरच्या सर्व्हिस सेंटरला दाखवायला नेली, दोन तासांनी अ‍ॅडव्हायझरनं अकरा ओळींचं एस्टिमेट हातात ठेवलं. दोन्ही लोअर आर्म, दोन्ही लिंक रॉड (हे चाकाजवळचे सस्पेन्शनचे दांडे, एवढंच कळलं), पुढचे दोन्ही शॉकर, ब्रेक पॅड, ब्रेक डिस्क, ब्रेक ऑइल, इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, चाकांची अलाइनमेंट आणि शेवटी 'कन्झ्युमेबल्स'. हे शेवटचं म्हणजे काय ते त्याला विचारलं तर म्हणाला, "ते असतंच सर."

एकूण आकडा मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिला की अर्धा धागा 'आमच्याकडे एवढ्यात होतं' यातच जाईल. एवढंच सांगतो, मागच्या दोन वर्षांत सर्व्हिसिंगवर मिळून जेवढा खर्च झाला त्याच्या तिप्पट. आणि मी गेलो होतो एका आवाजासाठी.

ज्याला बॉनेट उघडायची कळ शोधायला दोन मिनिटं लागतात अशा माणसानं हे बरोबर की चूक कसं ठरवायचं?

पाना_नंबर_दहा

डीलरचं आहे ना? मग जास्तच आहे. धागा बंद करा.

जुनं_इंजिन

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सवडीनं लिहितो.

चौथा_गिअर

आयडी 'अर्धवट क्लच' आणि एस्टिमेटमध्ये क्लच सोडून सगळं, कमाल आहे. (हलके घ्या.)

सर्व्हिस_सोडलेला

मी सहा वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे बसलोय, आता ती लाइन सोडली, त्यामुळे मोकळेपणानं लिहितो.

सगळ्यात आधी तो एकूण आकडा विसरा. त्या आकड्याकडे बघून काहीही कळत नाही. डीलरकडे प्रत्येक कामाला ठरलेले तास असतात, कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले. समजा एखाद्या कामाला दोन तास लिहिलेत, तर मेकॅनिकनं ते सव्वा तासात उरकलं तरी बिल दोन तासांचंच होणार. आणि बोल्ट गंजून अडकला, चार तास गेले, तरीही नियमानं दोनच. लोक पहिला भाग ऐकून चिडतात, दुसरा भाग कोणाला आठवत नाही. तर लेबर म्हणजे पुस्तकातले तास गुणिले त्या वर्कशॉपचा तासाचा दर. पार्ट म्हणजे पार्ट नंबर आणि त्याची छापील किंमत. या दोनच गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्या लिहून मागा. प्रत्येक ओळीचे तास किती, पार्ट नंबर काय. देतात, द्यावंच लागतं, सिस्टीममध्ये असतंच ते. फक्त न मागणाऱ्याला जो प्रिंट मिळतो त्यात एक गोळाबेरीज असते.

तास कळले की तुलना करता येते. दुसऱ्या डीलरकडे फोन करून त्याच कामाचे तास विचारा, सारखेच निघायला हवेत. दर वेगळा असू शकतो, तास नाही.

पाना_नंबर_दहा

@सर्व्हिस_सोडलेला म्हणजे मेकॅनिकला जमेल तितकं पटापट उरकायचं आणि गिऱ्हाइकानं दोन तासांचे पैसे मोजायचे. हेच तर म्हणतोय मी.

सर्व्हिस_सोडलेला

दात काढायला डॉक्टरला पाच मिनिटं लागली म्हणून कमी पैसे देता का? अर्धा तास लावला असता तर जास्त दिले असते का?

चौथा_गिअर

अर्धा तास लागला असता तर मी खुर्चीसकट पळालो असतो.

पंचमी

वरचं सगळं ठीक, पण किमतीचा प्रश्न दुसरा आहे हो. पहिला प्रश्न हे काम करायचंय का हाच. माझा अनुभव सांगते.

मागच्या वर्षी इंजिनचा दिवा लागला. डीलरकडे स्कॅनर लावला, पी०४२० असा कोड आला, अर्थ असा की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (एक्झॉस्टमधला धूर कमी विषारी करणारा भाग) कार्यक्षमता कमी झाली. लगेच नवा कन्व्हर्टर बसवायचं एस्टिमेट. गाडीतल्या सगळ्यात महाग भागांपैकी एक तो, आत प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात. मी विचारलं, कन्व्हर्टरच खराब आहे हे कशावरून? म्हणाले कोडच तसा आहे मॅडम. मी म्हटलं, कोड तुम्हाला कुठे बघायचं ते सांगतो, काय बदलायचं ते नाही. (हे मी आदल्या रात्री वाचलेलं होतं, पण आवाज असा लावला की जणू जन्मापासून माहीत आहे.) मग दुसऱ्या एका मेकॅनिकनं गाडी वर घेऊन बघितली तर एक्झॉस्टच्या जोडावरचं गॅस्केट गेलेलं, बाहेरची हवा आत शिरत होती आणि सेन्सरला चुकीचं रीडिंग मिळत होतं. गॅस्केट बदललं, दिवा गेला, परत आला नाही.

आता गंमत बघा, त्या डीलरनं कन्व्हर्टरची किंमत अगदी बरोबर लावली होती. पार्ट नंबर मी स्वतः तपासला. रेट शंभर टक्के वाजवी, फक्त ते काम करायचंच नव्हतं.

गणिताचे_सर

पंचमीताईंना +१. शेवटची दोन वाक्यं धाग्याच्या वर चिकटवा कोणीतरी.

जुनं_इंजिन

आलो. आता धागाकर्त्याच्या यादीकडे वळतो, बाकीचे तत्त्वज्ञान करतायत तोवर.

इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी, एसी डिसइन्फेक्शन. गाडीसोबत जे पुस्तक मिळतं ना, डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत अजून तसंच असेल, ते काढा. मागे मेंटेनन्सचा तक्ता असतो, किती किलोमीटरला काय करायचं. त्यात इंजिन फ्लश आहे का बघा. बहुतेक गाड्यांच्या तक्त्यात नसतो. कंपनीनं जे सांगितलं नाही ते डीलर का सांगतोय एवढंच विचारायचं, शांतपणे. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा भाग, साफ करणं वाईट नाही, पण गाडी सिग्नलला उभी असताना आयडल (उभ्या गाडीतल्या इंजिनचा वेग) वरखाली होत असेल, बंद पडत असेल तर. तुमची तक्रार काय, खड्ड्यात आवाज येतो. त्याचा थ्रॉटलशी संबंध काय?

ब्रेक ऑइल मात्र बदला. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ ऑइल ताजं असताना निदान २३० अंशाला उकळायला हवं असा मापदंड आहे, ओल धरलेल्या ऑइलला तोच १५५ वर येतो. घाटात सतत ब्रेक दाबत उतरताना ते उकळलं तर पेडल सरळ जमिनीला टेकतं. बरेच उत्पादक दोन वर्षांनी बदला म्हणतात. तुम्ही सात वर्षांत बदललंय का कधी?

अर्धवट_क्लच

@जुनं_इंजिन, ब्रेकमध्ये ऑइल असतं हेच मला काल कळलं.

निळी_छत्री

वाचतेय. आमच्याकडे पण सेम चाललंय, फक्त एसीचं. दर उन्हाळ्यात 'गॅस कमी झालाय' म्हणून भरून देतात.

जुनं_इंजिन

@निळी_छत्री, एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही हो, बंद सर्किटमध्ये फिरतो तो. वर्षानुवर्षं थोडाफार झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्यात कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. गॅसमध्ये रंग घालून किंवा नायट्रोजनच्या दाबानं गळती शोधायला सांगा. गळती न शोधता भरून देणारा माणूस पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग घेतोय.

निळी_छत्री

अरे देवा. चार वर्षं झाली.

पाना_नंबर_दहा

म्हणून म्हणतो डीलरची पायरीच चढू नका. आपला साधा गॅरेजवाला बघा, विश्वासातला.

कोपऱ्यातला_माणूस

सहसा लिहीत नाही पण याला उत्तर द्यायला हवं. माझा विश्वासातला गॅरेजवाला, पंधरा वर्षांची ओळख, माणूस सोन्यासारखा. व्हील बेअरिंग बदललं त्यानं, डीलरच्या निम्म्यात. घरी येईपर्यंत एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवा लागला. हल्लीच्या बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, चाकाचा वेग सेन्सरला त्यावरून कळतो, आणि ती बाजू सेन्सरकडेच यावी लागते. त्यानं उलटं बसवलं. प्रेसनं काढताना ते बेअरिंग गेलं, नवं आणलं, परत लेबर. हिशोब केला तर डीलरपेक्षा जास्त. त्यानं दुसऱ्यांदा पैसे मागितले नाहीत, मीच दिले, तोंड कडू झालं ते वेगळंच.

त्यामुळे एअरबॅग, इमोबिलायझर, एबीएस, सॉफ्टवेअर असलं काही असेल तर मी डीलर. सायलेन्सर, सस्पेन्शन, बॅटरी असलं असेल तर बाहेर. आणि बाहेर पडण्याआधी वॉरंटी बघा, एक्स्टेंडेड घेतली असेल तर तीही. आणि त्या मॉडेलचा रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीनं गाड्या परत बोलावणं) आहे का तेही बघा, रिकॉलचं काम फुकट होतं आणि अ‍ॅडव्हायझर दर वेळी आपणहून सांगेलच असं नाही.

चौथा_गिअर

'पाना नंबर दहा' यांनी डीलरवर एवढा राग का धरलाय ते मला माहितीये. दहा नंबरचा पाना कायम हरवतो आणि तो डीलरकडेच सापडतो.

पाना_नंबर_दहा

माझे तीन हरवलेत. एक इंजिनाच्या खालच्या ट्रेमध्ये सापडला, दोन वर्षांनी. डीलरला सापडला, बरोबर, आणि त्यानं तो परत दिला, हे मान्य करतो.

गणिताचे_सर

अवांतर थांबवतो. @अर्धवट_क्लच, तुम्ही तास आणि पार्ट नंबर मागितले का?

अर्धवट_क्लच

आज गेलो होतो. मागितल्यावर अ‍ॅडव्हायझर जरा बघत राहिला, पण दिले. इथे उतरवतो:

लोअर आर्म एका बाजूला १.४ तास, दोन्ही मिळून २.८. लिंक रॉड एका बाजूला ०.४. शॉकर एका बाजूला १.५. पॅड बदलणे १.० तास. डिस्क बदलणे १.६ तास. ब्रेक ऑइल ०.८. अलाइनमेंट ०.७. फ्लश आणि क्लीनिंगवाल्यांना तास नाहीत, 'पॅकेज' लिहिलंय.

आणि @सर्व्हिस_सोडलेला, दुसऱ्या डीलरला फोन केला, लोअर आर्मचे तास तेच निघाले.

गणिताचे_सर

थांबा थांबा. पॅड १.० आणि डिस्क १.६, दोन्ही वेगळे? डिस्क काढायची तर चाक काढा, कॅलिपर सोडवा, पॅड बाहेर काढा, मग डिस्क निघते. नवी डिस्क चढवल्यावर पॅड परत घालावेच लागतात, जुने घाला की नवे, वेळ तोच. म्हणजे पॅडचा एक तास डिस्कच्या १.६ मध्ये आधीच आहे. तो एक तास तुमच्याकडून दोनदा घेतलाय.

पंचमी

सर _/\_

सर्व्हिस_सोडलेला

सरांनी बरोबर पकडलं. यात दर वेळी लबाडी असते असं नाही, दोन ओळी टाकल्या की सिस्टीम दोघींचे तास मांडते, ओव्हरलॅप अ‍ॅडव्हायझरनं हातानं काढायचा असतो. घाईत राहतो. 'राहतो' हा शब्द मीही खूप वापरलाय, असो. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपचंही असंच. ज्या इंजिनात पंप बेल्टवरच फिरतो तिथे बेल्ट उघडला की पंप समोरच असतो, त्याला पूर्ण वेगळे तास लावलेले दिसले तर बोला.

पण त्याआधी एक. पॅड आणि डिस्क दोन्ही बदलायची आहेत का? मिलीमीटरमध्ये माप मागा. टक्केवारी नको, '७० टक्के संपलेत' याला अर्थ नाही. नव्या पॅडचं घर्षणाचं अस्तर साधारण १० ते १२ मिलीमीटर असतं, ३ च्या आसपास आलं की बदलायचं. डिस्कवर तर कमीत कमी जाडी कोरलेलीच असते, कडेला किंवा मधल्या टोपीवर, 'मिन' लिहून पुढे आकडा. मोजली आणि त्याच्या वर असेल, हादरे नसतील, चिरा नसतील, तर डिस्क राहू द्या.

जुनं_इंजिन

आणि शॉकर. त्यांना सांगा गाडी लिफ्टवर घ्या आणि मला दाखवा. शॉकरच्या वरच्या भागावर ऑइलचा पातळसा ओलावा, त्यावर धूळ बसलेली, हे चालतं, दांड्यावरून थोडं ऑइल वर येतच असतं. पण ऑइल ओघळून खालपर्यंत आलं असेल, बोट लावल्यावर ओलं लागलं, तर गेला. बदलायचे तर मात्र दोन्ही बदला, एक कडक आणि एक ढिला असं नको.

पाना_नंबर_दहा

लिफ्टखाली गिऱ्हाइकाला जाऊच देत नाहीत. 'इन्शुरन्सची अडचण आहे सर.'

पंचमी

मग फोनवर व्हिडिओ काढून द्या म्हणायचं. पट्टी किंवा मोजायचा कॅलिपर लावलेला फोटो. मी तर आता जॉब कार्डवरच लिहायला लावते, 'काढलेले पार्ट परत द्यावेत'. काम व्हायच्या आधी लिहायचं, नंतर मागितले तर 'स्क्रॅपमध्ये गेले' हे ठरलेलं उत्तर. आल्टरनेटर, स्टार्टर असलं काही असेल तर जुना पार्ट ते ठेवून घेतात, त्याच्या बदल्यात किंमत कमी लावलेली असते, ते वेगळं. पण पॅड, बुश, फिल्टर मी घेऊनच येते.

निळी_छत्री

आणि त्यांचं करता काय?

पंचमी

पलंगाखाली खोका आहे. घरात कोणी विषय काढत नाही.

गणिताचे_सर

लोअर आर्म दोन्ही बाजूंना कशाला, असाही एक प्रश्न राहतोच. आवाज डावीकडे आहे.

सर्व्हिस_सोडलेला

सर, ९२ हजारला आर्मच्या सांध्यातला एक रबरी बुश फाटला तर दुसरा फार मागे नसतो. आणि आर्म बदलला की अलाइनमेंट आली, सहा महिन्यांनी दुसरा बदलला की परत अलाइनमेंट.

जुनं_इंजिन

अंशतः असहमत. शॉकर जोडीनं, हे मान्य. आर्मला जोडीचा नियम नाही, बुशला पहार लावून हलवून बघायचं, रबर फाटलेलं उघड्या डोळ्यांनी दिसतं. दुसरा धड असेल तर तो अजून २०-३० हजार सहज जाईल. परत अलाइनमेंटचा खर्च एका आर्मच्या किमतीच्या किती? करा हिशोब.

शिवाय डीलरकडे बुश सुटा मिळतोच असं नाही, बऱ्याच गाड्यांना पार्टच्या यादीत पूर्ण आर्मच असतो. बाहेर प्रेस असलेल्या गॅरेजमध्ये नुसता बुश बदलून मिळतो. पण आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंटही ढिला असेल तर पूर्ण आर्मच बरा.

चौथा_गिअर

या धाग्यावर इतकं वाचलं की माझ्या गाडीतूनही आवाज यायला लागलेत.

कोपऱ्यातला_माणूस

@चौथा_गिअर, कुठल्या चाकातून? गंभीरपणे विचारतोय. एकसारखी घूं घूं असेल आणि वळणावर कमीजास्त होत असेल तर बेअरिंग. आणि बदलताना ती चुंबकीय बाजू विसरू नका, जखम ओली आहे अजून.

अर्धवट_क्लच

झालं एकदाचं, नऊ दिवसांनी. सविस्तर लिहितो, इतक्या लोकांनी वेळ दिला म्हणून.

आधी बाहेरच्या एका गॅरेजमध्ये फक्त तपासणीसाठी नेली, तपासणीचे वेगळे पैसे देतो असं आधीच सांगितलं, म्हणजे त्याला काम काढून दाखवायची गरज राहिली नाही. त्यानं गाडी वर घेतली, मला खाली बोलावलं. डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश टराटरा फाटलेला, पहार लावली तर बोटभर हलत होता. म्हणजे डीलर इथे खोटं बोलत नव्हता, मी उगाच मनात शिव्या घालत होतो. डावा लिंक रॉड हातानं धरून हलवला की तोच तो टक्-टक् आवाज, महिनाभर ऐकलेला, असा हातात वाजताना ऐकून फार विचित्र वाटलं. उजवा आर्म ठीक, उजव्या लिंक रॉडला किंचित खेळ. शॉकरवर नुसती धूळ आणि ओलावा. पॅड साडेतीन मिलीमीटर. डिस्कवर 'मिन २०' कोरलेलं, मोजली तर २१.१.

मग बाहेरच करायचं ठरवलं होतं. पण त्याला तो बुश सुटा मिळेना, जो पूर्ण आर्म मिळत होता तो कुठल्या बनावटीचा ते नीट सांगता येईना. शेवटी डीलरकडेच गेलो. डावा आर्म, दोन्ही लिंक रॉड, पॅड, ब्रेक ऑइल, अलाइनमेंट. बाकी सगळ्यावर त्याच्यासमोर पेनानं काट मारली. शॉकरच्या ओळीवर तो म्हणाला, "सर, पुढच्या सर्व्हिसला तर करावेच लागतील." म्हटलं, "पुढच्या सर्व्हिसला बघू." फ्लशच्या ओळीवर काही म्हणालाच नाही. डिस्क गेली त्यामुळे पॅडचा एकच तास राहिला. सरांनी पकडलेलं तरी सांगितलं त्याला, तर म्हणाला, "सिस्टीम टाकते सर."

मूळ एस्टिमेटच्या ३८ टक्क्यांत सुटलो. तासाचा दर मात्र तसूभरही हलला नाही, विचारून बघितलं.

पाना_नंबर_दहा

म्हणजे ६२ टक्के हवा होती. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

सर्व्हिस_सोडलेला

६२ टक्के हवा नाही हो. त्यातला एक भाग दुबार, एक भाग अनावश्यक, आणि शॉकर वगैरे 'आज नाही, उद्या' मधले. तिन्ही एकत्र मोजू नका.

गणिताचे_सर

आवाज?

अर्धवट_क्लच

गेला. काल मुद्दाम तीन खड्ड्यांतून घातली.

पंचमी

पार्ट परत घेतले ना?

अर्धवट_क्लच

डिकीत आहेत. घरी अजून सांगितलं नाहीये.

आणि हो, कन्झ्युमेबल्सचं कोडं सुटलं. डिस्क, आर्म कमी केल्यावर त्या ओळीला मी हातही लावला नव्हता, पण नव्या प्रिंटमध्ये तीही आपोआप कमी झालेली. विचारलं तर कळलं, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, ग्रीस, हातमोजे, पुसायच्या चिंध्या, याचं कोणी मोजमाप करत नाही, एकूण लेबरवर ठरावीक टक्के लागतात.

चौथा_गिअर

म्हणजे चिंध्यासुद्धा तासावर.